लिननबाईंची मागची खोली

लिननबाईंचा राग सगळ्या हॉस्पिटलच्या ओळखीचा होता. घरच्यांची मात्र त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. एकतीस वर्षं बाईंनी राग कामावर खर्च केला आणि घरी फक्त दमलेलं अंग आणलं, त्यामुळे घरच्यांना वाटायचं, बाई स्वभावानेच गरीब.

हॉस्पिटलच्या तळघरात, बॉयलरच्या भिंतीला लागून, कपड्यांचं कोठार होतं. साडेचारशे खाटांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे गाऊन, ऑपरेशनचे हिरवे टॉवेल, सगळं तिथून वर जायचं आणि धुऊन तिथेच परत यायचं. त्या कोठाराला लिनन रूम म्हणायचे, म्हणून या लिननबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. चादर फळीवर ठेवायची ती दुमडलेली कड बाहेर करून, म्हणजे नुसतं बोट फिरवलं तरी किती आहेत ते कळतं. कड आत घालणाऱ्या नव्या मुलीला पहिल्याच दिवशी दोन शब्द ऐकावे लागत. एकदा एका बड्या सर्जनने घडीच्या टेबलावर आपलं हेल्मेट ठेवलं. बाईंनी ते दोन बोटांनी उचललं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, या टेबलावर माणसांच्या अंगाला लागणारं कापड असतं. तुमच्या डोक्याचं टोपलं बाहेर." सर्जन मोठा होता, पण कोठार बाईंचं होतं. हेल्मेट बाहेर गेलं आणि पुन्हा कधी आत आलं नाही.

आता घराकडे या.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. पुढे बसायची खोली, मग स्वयंपाकघर, त्यापलीकडे नवऱ्याची झोपायची खोली, या दोहोंच्या मधे एक बोळ आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. नवरा वीज कंपनीतला हेडक्लार्क. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अख्खी बिल्डिंग त्याला हेडक्लार्कच म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं. बाईंची ड्यूटी सकाळी सहाची, गजर चारचा. गजराने हेडक्लार्कांची झोप मोडायची. "चार दिवस बोळात झोपून बघ," असं ते एकदा म्हणाले होते. त्या चार दिवसांना सव्वीस वर्षं झाली. बोळात फोल्डिंगची खाट, डोक्याशी फ्रिज, पायाशी मागच्या खोलीचं दार. पहाटे उठल्याबरोबर बाई खाट मिटायच्या, अंथरुणाची गुंडाळी करायच्या आणि दोन्ही स्वयंपाकघराच्या दारामागे उभं करायच्या. दिवसा येणाऱ्याला त्या बोळात कुणी झोपतं याचा मागमूस लागत नसे. हॉस्पिटलचीच सवय. वापर झाला की जागा मोकळी.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी बाई चारला उठल्या, खाट मिटायला वाकल्या आणि गुडघ्यातून कळ आली. तशाच खाटेवर टेकल्या. जायचं कुठेच नव्हतं. समोर मागच्या खोलीचं दार होतं. ते दार हात आत जाईल एवढंच उघडायचं, कारण आत माल होता. दिराचा, नणंदेचा, परगावी गेलेल्या मुलाचा, हेडक्लार्कांचा आणि वारलेल्या सासूबाईंचाही. बाईंचा स्वतःचा म्हणावा असा एक डबासुद्धा त्या खोलीत नव्हता. त्या सकाळी बाईंनी ठरवलं: इथे आपली खाट टाकायची. मिटायची नाही अशी खाट. आणि दार लावायचं.

एवढीच मागणी. चार भिंती, एक दार आणि त्या दाराच्या आत आपण. जगात कुणी याहून कमी मागितलं असेल तर सांगा.

पण बाई कामातल्या. थेट मोठ्या वॉर्डावर चालून जात नाहीत, हे त्यांना ठाऊक. एक दिवस, एक फळी. फळीवरचं सगळं खाली काढायचं, फळी पुसायची आणि तीन ढीग करायचे: वापरात, दुरुस्तीला, कंडेम. कंडेम म्हणजे बाद, कोठारातला शब्द. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातला एक खण उपसला. त्यात सतरा किल्ल्या निघाल्या आणि घरात कुलपं तीन. मेलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेल्या गोळ्या, अजून चालणाऱ्या घड्याळाचा तुटलेला पट्टा. दुसऱ्या दिवशी ओट्याखालचे डबे. झाकणं एकीकडे, डबे दुसरीकडे, जन्मात गाठ नाही. मग हेडक्लार्कांच्या पलंगाखालचा कप्पा. त्यात त्यांच्या बारीकपणीच्या नऊ विजारी होत्या. बाईंनी एक विजार उंच धरून विचारलं, ही कुणाला होणार. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "टाकू नकोस. लागतं."

"कशाला लागतं?"

"लागलं म्हणजे कळतं."

या माणसाने बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी अशाच फायलीत लावल्या असतील, असं बाईंच्या मनात आलं. विजारी कंडेममध्ये गेल्या.

भंगारवाली मंगळवारी आणि शनिवारी यायची. चाळिशीची, काटक, हातगाडी एका हाताने वळवणारी. तिची जीभही तशीच, एका झटक्यात वळायची. बाईंनी तिला पहिल्या खेपेला फुटका गीझर, रेडिओचं रिकामं खोकं आणि तीन पायांची खुर्ची दिली. संध्याकाळी दूध घेऊन बाई जिना चढून आल्या तर खुर्ची परत बोळात, भिंतीला टेकून उभी. पुढच्या खेपेला भंगारवालीने सगळी हकिगत सांगितली. साहेब वळणापर्यंत धावत आले. गाडी थांबवली. खुर्ची ओढून घेतली. "मी म्हटलं, साहेब, पाय तीनच आहेत. तर म्हणाले, चौथा करून घेऊ. मी म्हटलं, माझाच घ्या, मला गाडीला दोन्ही लागत नाहीत."

बाई खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या. पण हसून वर आल्या आणि खुर्ची पाहिली तशी तळपायाची आग मस्तकात गेली.

तरीही काम चालूच. न्हाणीघरावरचा माळा घेतला. तीन दिवस लागले. स्टुलावर चढायचं, एक वस्तू खाली आणायची, गुडघ्याला विचारायचं, मग दुसरी. माळा रिकामा करून साबणाच्या पाण्याने धुतला, नवा कागद अंथरला. दोन दिवसांनी पाहतात तर माळ्यावर सनमायकाच्या नमुन्यांचे सात जाडजूड अल्बम आणि टाइलांची दोन खोकी.

हा दिराचा प्रताप. धाकटे दीर इंटिरियरचं काम करायचे. लोकांना घरं सजवून द्यायची. मोबाइलवर पांढऱ्याशुभ्र कपाटांचे फोटो दाखवून सांगायचे, कमी जागेत जास्त सोय. त्यांच्या स्वतःच्या घरात टेबलावर पेनसुद्धा दिसायचं नाही. गिऱ्हाइकं थक्क व्हायची. ही जादू कशी होते ते कुणी विचारलं नाही. जादू अशी की त्यांचा सगळा पसारा दोन गल्ल्या सोडून भावाच्या घरी पडलेला असायचा. नणंदबाईंचंही तेच. "मला धूळ चालत नाही," असं म्हणत दर वर्षी दोन खोकी इथे आणून ठेवायच्या. धूळ बाईंना चालत होती जणू. बाईंच्या नाकाला फिल्टर बसवलेला.

माळ्याखाली, ओल्या फडक्यासकट उभ्या असताना बाईंना कोठाराचा नियम आठवला, आणि स्वतःचाच राग आला. फाटकी चादर नुसती बाजूला ठेवून बाद होत नाही. दर सहा महिन्यांनी मेट्रन, स्टोअरकीपर आणि ऑफिसचा एक कारकून अशी कमिटी खाली यायची. बाई एकेक कापड उलगडून दाखवायच्या, कमिटी मान डोलवायची, शिक्का बसायचा आणि त्याच क्षणी कमिटीच्या डोळ्यांदेखत चादरीचे कात्रीने उभे दोन तुकडे व्हायचे. का? अख्खी ठेवली तर ती परत येते. कुणीतरी वॉर्डबॉय उचलतो, कुणी नर्स म्हणते अजून चालेल, आणि महिन्याभरात ती फाटकी चादर पुन्हा एखाद्या आजारी माणसाच्या अंगाखाली. एकतीस वर्षं बाईंनी हा नियम पाळला, दुसऱ्यांना शिकवला, आणि स्वतःच्या घरात मात्र सगळं अख्खंच्या अख्खं बाहेर ठेवत राहिल्या. परत येणारच ते.

बाईंनी शेजारच्या सुताराकडून करवत आणली आणि खुर्चीचे तीन तुकडे केले, बोळातच, हेडक्लार्कांसमोर. ते दोन दिवस अबोला धरून बसले. घरात तेवढीच शांतता.

मग बाईंनी घरच्यांच्या ग्रुपवर नोटीस टाकली. मागच्या खोलीतलं ज्याचं जे आहे ते त्याने पंधरा दिवसांत न्यावं. त्यानंतर ते बाद धरलं जाईल. मुलाने लगेच कळवलं, व्यायामाची सायकल देऊन टाक, आई. दिराने हसरे चेहरे पाठवले, एक नाही, रांगच. नणंदबाईंनी लिहिलं की वहिनी, आता तुम्हाला वेळच वेळ आहे, सावकाश करा, फक्त माझ्या कपबशांच्या सेटना हात लावू नका. खाली कुणीतरी लिहिलं, घरात हॉस्पिटल सुरू झालेलं दिसतंय. त्यावर पुन्हा हसरे चेहरे.

वेळच वेळ आहे म्हणे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगाखाली स्वच्छ कापड घालणाऱ्या बाईला वेळ मिळाला, तर तो यांच्या खोक्यांवरची धूळ झटकण्यासाठी.

बाई खोलीत शिरल्या. अक्षरशः शिरल्या, आडव्या होऊन. पहिल्या आठवड्यात दार पूर्ण उघडलं. दुसऱ्या आठवड्यात मधोमध उभं राहता येऊ लागलं. प्रत्येक वस्तूला पट्टीच्या कापडाची चिंधी बांधून त्यावर मालक आणि तारीख. हेडक्लार्कांच्या फायली निघाल्या, बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवरून झालेल्या भांडणाच्या, वीस वर्षांच्या. ती टाकी पाडून नवी बांधली त्यालाही बारा वर्षं झाली होती. चौथ्या आठवड्यात सासूबाईंची पत्र्याची ट्रंक हाती लागली. ती ट्रंक म्हणजे घरातला देव्हारा. तिला हलवायचं नाही, तिच्यावर काही ठेवायचं नाही, तिच्यात आईचं सगळं आहे. त्या ट्रंकेला वळसा घालून बाईंनी किती वर्षं पोटऱ्या खरवडून घेतल्या याचा हिशेब नाही. बाईंनी कडी उचलली. आत तळाला एक पिवळा पडलेला वर्तमानपत्राचा कागद. बस्स. दुसरं काही नाही.

बाईंनी हेडक्लार्कांना हाक मारून ट्रंक दाखवली. ते आत वाकून बघत राहिले, आणि मग म्हणाले, असू दे, ट्रंक चांगली आहे. बाईंना त्या क्षणी त्यांची थोडी दयाही आली. थोडीच.

नणंदबाई एकदा येऊन गेल्या. खोक्यांकडे बघून हळहळल्या, सहा कपांचा एक सेट पिशवीत घातला आणि बाकीचं पुढच्या वेळी म्हणाल्या. पंधरा दिवसांचा महिना झाला तरी पुढची वेळ उगवेना. शेवटी बाईंनी अकरा खोकी आणि एक लाकडी पाळणा भंगारवालीच्या हातगाडीवर चढवला आणि दोघी बाजाराच्या रस्त्याने भर दुपारी नणंदबाईंच्या बिल्डिंगपर्यंत गेल्या. पाळणा सगळ्यात वर, दोरीने बांधलेला, दर खड्ड्याला झोके घेत. "बाई, यात मूल नाही ते बरं," भंगारवाली म्हणाली, "नाहीतर तेही तुमच्याच घरी ठेवलं असतं." वॉचमनकडे सगळं उतरवून त्याची सही घेतली आणि परत आल्या. संध्याकाळी नणंदबाईंचा फोन. शेजाऱ्यांसमोर हातगाडी आणलीत, माझी अब्रू काढलीत. बाई म्हणाल्या, खोकी तुमचीच होती, अब्रूचं खोकं मला त्यात दिसलं नाही. आणि फोन ठेवला.

सहाव्या आठवड्यात भिंतीला टेकवलेलं जुनं कपाट निघालं आणि त्यामागून खिडकी. खिडकी आहे हे बाई विसरूनच गेल्या होत्या. रंगाने चिकटून बसली होती. सुरीने कड मोकळी केली, बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि तिसऱ्या हिसक्याला ती उघडली. मागच्या बिल्डिंगची गच्ची दिसत होती, तिथे कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. वारा आत आला. बाई फरशीवर बसून राहिल्या.

सातव्या आठवड्यात, शुक्रवारी, खोली रिकामी झाली. पांढरा रंग त्यांनी स्वतःच दिला, हात पोचला तिथवर. त्याच्या वर जुना हिरवा तसाच राहिला. दुकानात जाऊन लाकडी खाट सांगून आल्या. दुकानदार म्हणाला, सोमवारी चारला पोचते. शनिवारी गुडघ्याची तपासणी होती, आपल्याच हॉस्पिटलात, आता मात्र पेशंटच्या रांगेत. दिवस तिथेच गेला.

संध्याकाळी परत आल्या तर मागच्या खोलीला कुलूप. नवं, पितळी, मुठीएवढं.

हेडक्लार्क टीव्ही बघत होते. बाईंनी विचारलं. ते म्हणाले, अगं, धाकटा आला होता, त्याचं मोठं काम चालू आहे, महागडा माल आहे, ठेवायला जागा नव्हती बिचाऱ्याला. कुलूप कशाला? तर येता-जाता कुणाचा हात लागू नये म्हणून. किल्ली कुठे आहे? किल्ली त्याच्याकडे. आणि मग ते वाक्य आलं, ते बाईंनी नंतर भंगारवालीला दहा वेळा सांगितलं असेल.

"तू इतकी छान जागा केलीस, म्हणून तर त्याच्या डोक्यात आलं. नाहीतर त्या खोलीकडे कोण बघत होतं?"

बाईंना आधी वाटलं, आपल्याला चक्कर येतेय. मग कळलं, चक्कर नाही, राग आहे. इतका जुना राग की त्याला बाहेर यायची वाट सापडत नव्हती. सात आठवडे. एकेक फळी. एकेक खिळा. आणि हा माणूस खुर्चीतून न उठता दुसऱ्याला ती खोली देऊन मोकळा झाला, जसा कुणाला पाण्याचा पेला द्यावा. तुझी सोय आहेच की, बोळात, असंही ते पुढे म्हणाले. वर आवाज चांगला समजुतीचा.

बाईंनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. दीर आणि नणंद दोघांना निरोप गेला, उद्या अकराला यायचं.

रविवारी दोघं आली. दीर शर्टाच्या खिशाला गॉगल लावून, नणंदबाई हातगाडीचा राग तोंडावर घेऊन. दिराने सुरुवातच समजावण्याने केली. वहिनी, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, तीन म्हणा फार तर, रिकामी जागा पडून काय करायची. नणंदबाई म्हणाल्या की माणसं एकमेकांना धरून राहतात ती अशीच. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. नंतर विचारलं.

"भाऊजी, मी कुठे झोपते?"

दिरांना प्रश्न कळला नाही. म्हणजे काय, म्हणाले.

"या घरात तुम्ही पंचवीस-तीस वर्षं येताय. मी कुठे झोपते?"

दीर झोपायच्या खोलीकडे बघायला लागले. बाई नणंदबाईंकडे वळल्या.

"ताई, तुम्ही सांगा."

"दादाच्या खोलीत. आणखी कुठे?" नणंदबाई म्हणाल्या, पण आवाजात पुरती खात्री नव्हती.

बाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दारामागून फोल्डिंगची खाट काढली, बोळात नेली आणि उलगडली. फ्रिज आणि दार यांच्यामधे ती बरोब्बर बसली, चार बोटं इकडे नाहीत की चार बोटं तिकडे नाहीत. अंथरूण घातलं, उशी ठेवली. मग बाजूला झाल्या, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं. हेडक्लार्क चष्मा पुसत होते. तो चष्मा सकाळपासून स्वच्छ होता.

खरं तर इथेच काहीतरी व्हायला हवं होतं. एखाद्याने मान खाली घालायला हवी होती. पण लाज वाटायला आधी डोळे लागतात. दीर खाटेकडे बघून म्हणाले, अरे, मग बोलायचं ना वहिनी, आम्हाला काय स्वप्न पडणार? मी तुम्हाला इथे मस्त भिंतीत दुमडणारा बेड करून देतो. दिवसा दिसणारसुद्धा नाही.

दिवसा दिसणारसुद्धा नाही.

बाई म्हणाल्या, "उद्या चारला माझी खाट येतेय. चारच्या आत माल हलवा. चारनंतर तो कंडेम."

दिरांना वाटलं थट्टा आहे. जिन्यातून उतरताना हसण्याचा आवाज वर आला.

सोमवारी चारला पाच कमी असताना दोन हमाल खाट घेऊन जिन्यावर उभे राहिले. बाईंनी त्यांना दम घ्यायला सांगितलं आणि स्क्रूड्रायव्हर आणला. कुलपाला त्यांनी हातही लावला नाही. कोयंड्याचे चार स्क्रू काढले. कुलूप कोयंड्यासकट सुटून हातात आलं, अजून लागलेलंच. दार उघडलं. आत चाळीसेक व्हिनिअरचे तक्ते होते. खऱ्या लाकडाचा पातळ थर, पुठ्ठ्यासारखा, आठ फूट लांब, श्रीमंतांच्या दारांवर चिकटवायचा. खिडकीला टेकवून रचलेले, म्हणजे खिडकी पुन्हा गेली. हमालांना बाईंनी सांगितलं, पहिला तक्ता बाहेर आणा, इथे बोळात आडवा धरा.

हेडक्लार्क उठून आले. काय करतेस. बाईंच्या हातात कापडाची मोठी कात्री होती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. चार वाजून दोन मिनिटं.

"अगं, तो गिऱ्हाइकाचा माल आहे."

"मग तुम्ही त्याला फोन करा. मी थांबत नाही."

व्हिनिअर कात्रीने कापलं जातं, पण सुखासुखी नाही. करकरत जातं. बाईंचा हात पक्का होता. आठ फूट, उभा छेद, मधोमध. दोन तुकडे दोन बाजूंना पडले तेव्हा एक हमाल आपल्या जोडीदाराच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि दोघंही एक पाऊल मागे सरकले. हेडक्लार्क मोबाइलवर ओरडत होते, लवकर ये, हिने सुरुवात केली. बाई म्हणाल्या, दुसरा आणा.

दुसरा बाहेर निघाला, पण तेवढ्यात फोनवर दीर 'नेतो, आत्ता नेतो' म्हणाले आणि कात्री थांबली. दिरांचा टेम्पो एकोणतीस मिनिटांत दारात होता. दोन गल्ल्यांचं अंतर, आणि तीन महिन्यांसाठी ज्यांना कुठेच जागा मिळत नव्हती त्यांना ती अर्ध्या तासात मिळाली. दीर घामाघूम होऊन आले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. बाईंनी सगळं ऐकलं, पण दारातून हलल्या नाहीत. सगळा माल बाहेर जाईपर्यंत कात्री हातातच होती. सनमायकाचे अल्बमही माळ्यावरून उतरले. शेवटी कुलूप त्यांनी दिरांच्या हातावर ठेवलं.

त्या एका तक्त्याबद्दल नातेवाइकांत अजून बोललं जातं. बाईंनी असं करायला नको होतं. गोडीगुलाबीने घ्यायला हवं होतं. दुसऱ्याच्या मालावर हात टाकणं चूक आहे. चूक आहेच, बाईही नाही म्हणत नाहीत. पण सव्वीस वर्षं गोडीगुलाबीच चालली होती, आणि तिच्यातून एक फोल्डिंगची खाट मिळाली. एका तक्त्यात खोली मिळाली. हा सौदा ज्याला महाग वाटतो त्याने बोळात एक रात्र काढावी, फ्रिजशेजारी. दीर बाईंशी बोलत नाहीत. नणंदबाई बोलतात, पण फोनवर, आणि फक्त भावाशी.

खाट आत गेली. हमालांनी विचारलं, डोकं कुठल्या बाजूला. बाईंना एवढी वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खिडकीकडे, म्हणाल्या.

हेडक्लार्कांच्या फायली आता बसायच्या खोलीत आहेत. त्यांना पंधरा दिवसांची मुदत आहे, चिंधी बांधून. ते रोज एक फाइल वाचतात आणि म्हणतात, ही मात्र महत्त्वाची आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बाई आडव्या झाल्या. दुपारी, दिवसाउजेडी, दार लावून, आतून कडी घालून. चारच्या सुमाराला बाहेर पावलं वाजली. हेडक्लार्कांनी सवयीने दार ढकललं. ते उघडलं नाही. पुन्हा ढकललं. दारापलीकडे माणूस उभा आहे आणि काय करायचं त्याला सुचत नाही, हे बाईंना आत पडल्या पडल्या कळत होतं.

शेवटी त्याने दारावर टकटक केली. अगदी हलकी, परक्याच्या घरी करावी तशी. आणि म्हणाला, चहा ठेवू का.

बाईंचा राग अजून होता. तो एका खाटेने जाणारा नव्हता. त्यांनी कूस बदलली, पाय पुरते ताणले आणि म्हणाल्या, "ठेवा. मी येते माझ्या वेळेने."